बुडबुडे दिसले म्हणजे अभिक्रिया झाली का? रासायनिक अभिक्रिया आणि तिचा प्रकार ओळखण्याचा नेमका क्रम

रासायनिक अभिक्रिया ओळखताना बहुतेकांची चूक माहितीत नसते, क्रमात असते. बुडबुडे दिसले की लगेच ‘रासायनिक’ लिहून टाकायचं, मग ‘उष्णता निघाली, म्हणून उष्मादायी’ असं म्हणून प्रकारही ठरवून मोकळं व्हायचं. पदार्थ मुळात कोणते होते आणि नवा कोणता तयार झाला, हा प्रश्न राहूनच जातो. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करा. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटतात आणि नेमके तेच गाळले जातात, म्हणून त्यांवर थोडा जास्त वेळ घेतला आहे.

टप्पा १ : तयारी

सगळं सामान साधंच आहे. पारदर्शक काचेचे तीन-चार सारखे पेले, रंगबदल दिसावा म्हणून मागे धरायला पांढरा कागद, तापमापी, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, घड्याळ आणि वही. यांशिवाय दोन परीक्षक, म्हणजे पदार्थ ओळखायला मदत करणारी साधनं, आदल्या दिवशी करून ठेवावे लागतात.

चुन्याची निवळी : एक लिटर पाण्यात चमचाभर विरलेला चुना घालून ढवळा, झाकून रात्रभर स्थिर ठेवा आणि वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या बाटलीत ओतून घट्ट बूच लावा. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, एका लिटरमध्ये दोन ग्रॅमपेक्षाही कमी. त्यामुळे तळाशी गाळ राहणारच. जास्त चुना घातला तर निवळी ‘कडक’ होते, हा गैरसमज आहे. गरम पाण्याने तर उलटच होतं, कारण चुना गरम पाण्यात आणखी कमी विरघळतो.

हळदीचा कागद : हळद पाण्यात कालवून गाळण कागदावर पातळ लावा आणि सावलीत वाळवून पट्ट्या कापा. आम्लात आणि उदासीन द्रावणात ही पट्टी पिवळीच राहते, आम्लारीत लालसर होते.

तपासणी : थोडी निवळी पेल्यात घेऊन नळीने हलकेच फुंकर घाला. अर्ध्या-एक मिनिटात ती दुधाळ झाली, तर निवळी चांगली आहे. झाली नाही, तर बाटली उघडी राहून ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच वाया गेली असं समजा. नळीतून द्रव वर ओढू नका. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

सावधान : घरातली सफाईची द्रावणं या प्रयोगांपासून दूर ठेवा. क्लोरिनयुक्त ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की विषारी क्लोरिन वायू निघतो, अमोनिया मिसळला की घातक क्लोरामाइन तयार होतात. ‘काय होतं ते बघू’ म्हणून हे कधीही करायचं नाही, उघड्या खिडकीपाशीही नाही.

टप्पा २ : ‘आधी’ काय होतं ते लिहा

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला ‘आधी’, उजव्या बाजूला ‘नंतर’. प्रयोग सुरू करण्यापूर्वी डावी बाजू पूर्ण भरा. प्रत्येक पदार्थाचं नाव, त्याची अवस्था, रंग, वास, वजन, तापमान, आणि भांडं उघडं आहे की बंद.

हे का, ते एका उदाहरणात कळेल. सोडावॉटरची बाटली उघडली की फेस येतो. तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधाळ होते. आता ‘निवळी दुधाळ झाली, कार्बन डायऑक्साइड मिळाला, म्हणून अभिक्रिया झाली’ असं कोणी लिहिलं, तर परीक्षा बरोबर आणि निष्कर्ष चूक. हा वायू बाटलीत आधीपासूनच दाबाखाली विरघळलेला होता. दाब सुटला आणि तो बाहेर पडला. डाव्या बाजूला ‘पाणी, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड’ असं आधीच लिहिलं असतं, तर ही चूक झालीच नसती.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांत डावीकडे कुठेच कार्बन डायऑक्साइड नाही. तिथे तोच वायू मिळाला तर तो खरोखर नवा आहे.

डावी बाजू लिहिताना सर्वांत जास्त विसरली जाते ती हवा. मेणबत्ती जळणं, लोखंड गंजणं, कापलेलं सफरचंद तपकिरी होणं, चांदी काळी पडणं, या सगळ्यांत हवेतला ऑक्सिजन भाग घेतो. भांडं उघडं असेल तर ‘हवा’ हा शब्द डोळे झाकून लिहा. ती निष्क्रिय निघाली तर नंतर खोडता येते.

टप्पा ३ : तुलनेचा पेला ठेवा

एकच पेला पाहून काहीही ठरवू नका. शेजारी दुसरा पेला ठेवा, ज्यात एक घटक सोडून बाकी सारं तेच असेल. सोडा आणि व्हिनेगरच्या जोडीला ‘सोडा आणि साधं पाणी’. सफरचंदाची एक फोड उघडी, दुसरी पाण्यात बुडवलेली, तिसरी लिंबाचा रस चोळलेली.

गंजण्याच्या प्रयोगात हाच टप्पा बिघडतो. तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवायचे असतात : एका नळीत पाणी आणि हवा, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा. दुसऱ्या नळीतला खिळाही गंजला, अशी तक्रार वारंवार येते. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पाणी उकळून निवायला उघडं ठेवलेलं असतं, मग त्यात ऑक्सिजन परत विरघळतो. पाणी गरम असतानाच नळीत भरा आणि तेल तेव्हाच ओता.

टप्पा ४ : लक्षणं टिपा, निकाल देऊ नका

वायू, रंग, उष्णता, अवक्षेप (द्रावणातून तळाशी बसणारा घन गाळ), वास, प्रकाश ही लक्षणं आहेत. लक्षणाने संशय येतो, त्यावरून शिक्षा सुनावता येत नाही. प्रत्येक लक्षणाला एक फसवं जुळं भावंड असतं, ते ओळखायला शिका.

बुडबुडे. उकळत्या पाण्यात बुडबुडे वाफेचे असतात. थंड पाण्याचा पेला खोलीत ठेवला की काचेला चिकटणारे बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात. दोन्हीकडे नवा पदार्थ नाही.

रंग. निळा आणि पिवळा रंग मिसळून हिरवा दिसतो, पण दोन्ही रंगद्रव्यं जशीच्या तशी असतात. तापलेलं लोखंड लाल दिसतं आणि निवल्यावर पुन्हा पूर्वीसारखं. उलट, हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि लिंबाने परत पिवळा, तो मात्र खरा रासायनिक बदल आहे.

उष्णता. इथे फार जण फसतात. युरिया पाण्यात विरघळवला की पेला चांगला गार लागतो, पण पाणी आटवलं की युरिया तसाच परत मिळतो. म्हणजे तापमान बदललं आणि नवा पदार्थ झाला नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावरही तापमान काही अंशांनी उतरतं, पण तिथे अभिक्रिया होते. तापमापी एकसारखीच उतरते, अर्थ मात्र वेगळे.

अवक्षेप. गरम पाण्यात भरपूर तुरटी विरघळवून ते गार होऊ दिलं की तळाशी स्फटिक बसतात, ती तुरटीच असते. कठीण पाण्यात साबण घातल्यावर येणारा पांढरट चिकट गाळ वेगळा : पाण्यातलं कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम साबणाशी जोडी जमवून न विरघळणारे क्षार बनवतात. फेस येण्याआधी साबण बराच खर्ची पडतो, तो याचमुळे.

वास. अत्तर खोलीभर पसरतं, ते फक्त बाष्पीभवन. तेल खवट झाल्याचा वास ऑक्सिडीकरणाने तयार झालेल्या नव्या पदार्थांचा असतो. वास घेताना नाक भांड्यावर नेऊ नका. हाताने वाफ आपल्याकडे हलकेच सारून घ्या.

आणखी एक पक्का रुजलेला गैरसमज इथेच काढून टाका : ‘परत फिरवता येतो तो भौतिक बदल, येत नाही तो रासायनिक.’ फुटलेली काच परत सांधत नाही, तरी काच काचच राहते. रिचार्ज होणाऱ्या बॅटरीत रासायनिक अभिक्रिया शेकडो वेळा उलट-सुलट होते. परत फिरणं ही कसोटी नाही. नवा पदार्थ बनला का, एवढंच विचारा.

टप्पा ५ : नवा पदार्थ सिद्ध करा

इथे परीक्षक उपयोगी पडतात. वायू कार्बन डायऑक्साइड असेल तर निवळी दुधाळ होते. (तो वायू बराच वेळ सोडत राहिलात तर निवळी पुन्हा स्वच्छ होते, कारण कॅल्शिअम कार्बोनेटचं विद्राव्य बायकार्बोनेट होतं. दुधाळपणा दिसला की थांबा, नाहीतर ‘काहीच झालं नाही’ अशी नोंद होते.) ऑक्सिजन असेल तर विझत आलेली, टोकाशी लाल असलेली काडी पेट घेते. घरात हे पाहायला औषधाच्या दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन त्यात कच्च्या बटाट्याची चकती टाका. बटाट्यातल्या कॅटलेज या विकराने (एन्झाइमने) पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतं.

वायू दिसत नसेल तेव्हा वजन हा फार प्रामाणिक साक्षीदार. २० ग्रॅम खाण्याचा सोडा कोरड्या पसरट भांड्यात मध्यम आचेवर अर्धा तास, वजन उतरायचं थांबेपर्यंत तापवा. शेवटी साधारण १२.६ ग्रॅम उरतात. दिसायला ती पावडर अगदी पूर्वीसारखीच पांढरी असते, आणि म्हणूनच हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो : डोळ्यांना काहीच दिसत नाही, तरी पदार्थ बदललेला असतो. आधीच्या आणि नंतरच्या पावडरीचे थोडे थोडे द्रावण करून हळदीच्या पट्टीवर एकेक थेंब टाका. नंतरचा थेंब कितीतरी गडद लाल येतो, कारण उरलेला पदार्थ म्हणजे धुण्याचा सोडा.

सावधान : तापवलेली पावडर डोळ्यांना आणि त्वचेला खाण्याच्या सोड्यापेक्षा जास्त झोंबते. ती डब्यात परत ओतू नका, चिठ्ठी लावून वेगळी ठेवा.

वजनाची एक गल्लत अशी. सोडा आणि व्हिनेगर उघड्या पेल्यात मिसळले की काटा उतरतो. वस्तुमान नष्ट झालेलं नसतं, वायू निघून गेलेला असतो. ८.४ ग्रॅम सोड्यातून पूर्ण अभिक्रियेत ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला थोडा द्रवातच विरघळून राहतो. गंजात उलट, लोखंडाचं वजन वाढतं, कारण हवेतला ऑक्सिजन आणि पाणी त्याला येऊन मिळतात.

सावधान : वायू ‘पकडण्यासाठी’ सोडा-व्हिनेगरच्या बाटलीला बूच लावू नका. बाटली फुटते.

टप्पा ६ : शाब्दिक समीकरण लिहा

आता कुठे समीकरणाची वेळ आली. डावीकडे खर्च झालेले पदार्थ, उजवीकडे तयार झालेले. ‘खर्च झालेले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बटाटा पेरॉक्साइडमध्ये टाकला, पण तो अभिक्रियाकारक नाही. त्यातलं विकर उत्प्रेरक आहे, म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग वाढवतं, ते बाणावर लिहायचं. त्याला डावीकडे लिहिलंत की दोन पदार्थांची अभिक्रिया दिसू लागते आणि पुढचा टप्पा चुकतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड → पाणी + ऑक्सिजन

तपासणी : डावीकडे नसलेलं मूलद्रव्य उजवीकडे आलं आहे का? आलं असेल तर टप्पा २ मध्ये काहीतरी राहिलं. बहुधा हवा.

टप्पा ७ : प्रकार ठरवा, पण तीन वेगळे प्रश्न विचारून

‘ही संयोग अभिक्रिया की उष्मादायी?’ असा प्रश्न मला सतत विचारला जातो. हा प्रश्नच चुकीचा आहे, म्हणजे ‘हा माणूस उंच की शिक्षक?’ असं विचारण्यासारखा. एकाच अभिक्रियेला तीन स्वतंत्र नावं लागू शकतात, म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारा.

पहिला प्रश्न : पदार्थांची मांडणी कशी बदलली? अनेकांचा एक झाला तर संयोग. कळीचा चुना आणि पाणी मिळून विरलेला चुना होतो. (ही अभिक्रिया इतकी तापते की पाणी उसळतं. ती पाहायची असेल तर दुरून आणि जाणत्या माणसाबरोबर.) एकाचे अनेक झाले तर अपघटन. सोडा तापवणं, पेरॉक्साइड फुटणं, आणि पाणी तापवायच्या भांड्यात तळाशी पांढरा थर बसणं हे सारं यात येतं. तो थर पाण्यातल्या कॅल्शिअम बायकार्बोनेटच्या अपघटनातून आलेला कॅल्शिअम कार्बोनेट असतो. एका मूलद्रव्याने संयुगातल्या दुसऱ्याला हुसकावलं तर विस्थापन. दोन संयुगांनी जोडीदार बदलले तर दुहेरी विस्थापन, जसा साबणाचा गाळ.

यांपैकी कशातच बसत नसेल तर कोंबू नका. मेण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, डावीकडे दोन पदार्थ, उजवीकडे दोन, पण कोणीही कोणाला हुसकावलेलं नाही आणि जोडीदारही बदललेले नाहीत. त्याला ज्वलन म्हणा. प्रकाशसंश्लेषणही या चारांपैकी कशात बसत नाही. सोडा आणि व्हिनेगरमध्ये दोन पायऱ्या आहेत : आधी जोडीदार बदलून सोडिअम ॲसिटेट आणि कार्बोनिक आम्ल होतं, मग त्या आम्लाचं अपघटन होऊन वायू निघतो. दोन्ही नावं लिहा.

दुसरा प्रश्न : ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणं) आणि क्षपण (इलेक्ट्रॉन मिळवणं) झालं का? विस्थापनात आणि ज्वलनात ते असतंच. दुहेरी विस्थापनात नसतं. संयोगात आणि अपघटनात मात्र सरसकट काही म्हणता येत नाही. पेरॉक्साइडच्या अपघटनात आहे, चुनखडीच्या अपघटनात नाही.

तिसरा प्रश्न : उष्णता बाहेर पडली की शोषली गेली? तापमापीकडे पाहून उत्तर द्या, पण एक लक्षात असू द्या. सुरुवातीला आच द्यावी लागली म्हणून अभिक्रिया उष्माग्राही ठरत नाही. मेणबत्ती काडीने पेटवावी लागते, पुढे ती स्वतःच उष्णता देत राहते. सोड्याच्या अपघटनाला मात्र सतत उष्णता लागते.

पूर्ण क्रम एकदा : मोरचूद आणि खिळा

१०० मिलिलिटर पाण्यात छोटा चमचाभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. खिळा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, कारण त्यावरचं तेल आणि गंज अभिक्रिया अडवतात. चमकता पांढरट खिळा घेऊ नका. त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि मग तांब्याला लोखंडाऐवजी जस्त हुसकावतं. स्टेनलेस स्टीलच्या खिळ्यावर क्रोमिअमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे तासभर बसूनही हाती काही लागत नाही.

आधी : लोखंड, करडं आणि चमकदार. कॉपर सल्फेटचं निळं द्रावण. तुलनेसाठी एका पेल्यात खिळा आणि साधं पाणी, दुसऱ्यात फक्त निळं द्रावण.

अर्ध्या तासाने खिळ्यावर लालसर तपकिरी लेप दिसतो. इथेच ‘गंज’ लिहिला जातो! तुलनेचा पेला पाहा. साध्या पाण्यातल्या खिळ्यावर इतक्या लवकर असा लेप आलेला नाही. लेप काढून कोरडा करा आणि चमच्याच्या पाठीने दाबून घासा, तांब्याची लकाकी येते. गंज घासल्यावर भुकटीच राहते. एक-दोन दिवसांत द्रावणाचा निळेपणा उतरून फिकट हिरवी छटा येते.

लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे

मांडणीने विस्थापन. लोखंडाचं ऑक्सिडीकरण, तांब्याचं क्षपण. तापमापीने उष्मादायी, पण खिळा एकच असेल तर फरक जेमतेम जाणवतो. स्टील वूल वापरलं तर स्पष्ट दिसतो.

जिथे दोन्ही बदल एकत्र असतात

मेणबत्तीला एकच नाव देता येत नाही. मेण वितळतं, वातीवर चढतं, त्याची वाफ होते, हे भौतिक. ती वाफ जळते, हे रासायनिक. मेणबत्ती विझवल्यावर वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच जळती काडी लावा, ज्योत धुरावरून उतरून वातीवर येते. तो धूर म्हणजे मेणाची वाफ थिजून झालेले सूक्ष्म कण. जळतं काय, हे त्यातून अगदी स्पष्ट दिसतं.

‘सिमेंट वाळलं’ असं आपण म्हणतो, पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी अभिक्रिया होऊन घट्ट होतं, पाण्याखालीही होतं. म्हणूनच ताज्या बांधकामावर पाणी मारत राहावं लागतं. प्लास्टर ऑफ पॅरिसही तसंच, घट्ट होताना ते हाताला कोमट लागतं. चुन्याने रंगवलेली भिंत मात्र आधी खरंच वाळते आणि नंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शिअम कार्बोनेट बनते. ‘वाळलं’ हा शब्द वहीत आला की थांबा आणि विचारा, पाणी उडून गेलं की आतच बांधलं गेलं?

मीठ विरघळणं भौतिक बदलात धरतात, कारण पाणी आटवलं की तेच मीठ मिळतं. त्याच्या स्फटिकातले आयन सुटे होतात हे खरं, पण इथे ‘भौतिक’ लिहिणंच योग्य. उकडलेल्या अंड्यात प्रथिनांच्या साखळ्या उलगडतात आणि एकमेकींना नव्याने जोडल्या जातात, काही ठिकाणी नवे रासायनिक बंधही बनतात. तो रासायनिक बदल म्हणा, पण चार प्रकारांतला कोणता, हे ठरवायला बसू नका.

प्रयोगानंतर

सोडा-व्हिनेगरचं द्रावण भरपूर पाण्याबरोबर ओतून द्या. निवळीची बाटली चिठ्ठी लावून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मोरचुदाचं द्रावण तळ्यात, झऱ्यात किंवा झाडांच्या मुळाशी टाकू नका, तांब्याचे क्षार माशांना फार घातक असतात. त्यात स्टील वूल टाकून निळेपणा पूर्ण जाईपर्यंत, दोन दिवस लागले तरी, राहू द्या. तांबं घनरूपात तळाशी बसतं. ते गाळून कागदात गुंडाळा आणि सुक्या कचऱ्यात टाका. पेला वेगळा धुवा आणि पुन्हा प्रयोगांसाठीच वापरा.